रेअर अर्थ नॅनोकणांनी जैविक रेणू कसा शोधायचा: नव्याने लॅबमध्ये आलेल्यांसाठी

लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सिनियर एक करामत हमखास दाखवतात. अंधारी खोली, स्टँडवर काचेची छोटी बाटली, आत पाण्यासारखं दिसणारं द्रव. लेसरचं बटण दाबलं की किरण कुठेच दिसत नाही, पण बाटलीच्या आत आडवी हिरवीगार रेघ उमटते. मी त्या रेघेला भुलले. पुढचं दीड वर्ष आणखी हिरवी, आणखी ठळक रेघ काढण्यात गेलं. मग एके दिवशी गाईडने विचारलं, "यात प्रोटीन कुठंय?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

युक्ती अशी: रेअर अर्थ, म्हणजे युरोपियम, अर्बियम यांसारख्या धातूंचे चमकणारे बारीक कण अँटिबॉडीला (एकाच ठरावीक रेणूला पकडणाऱ्या प्रोटीनला) जोडायचे, आणि चमक दिसली की तो रेणू नमुन्यात आहे असं समजायचं. कण चमकवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. ते पाण्यात चमकत ठेवणं आणि चमक आली ती आपल्याच रेणूमुळे आली हे दाखवणं, सगळा घाम तिथे गळतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीला या विषयात उतरत असाल तर खालच्या क्रमाने चला.

१. आधी रेणू ठरवा, मग कण

मी उलटं केलं, तुम्ही करू नका. कुठला रेणू शोधायचा, तो कशात शोधायचा (बफर, सीरम, लाळ की लघवी), किती कमी प्रमाणात शोधायचा, हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सीआरपी म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन (शरीरातल्या दाहाची खूण) रक्तात मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये असतं. त्यासाठी इतक्या संवेदनशील कणांची गरजच नसते, साधी एलायझा (अँटिबॉडीने रेणू पकडून रंगावरून मोजायची रोजची चाचणी) पुरते. कार्डियाक ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण देणारं प्रोटीन) मात्र निरोगी माणसात मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. तिथे हे कण कामाला येतात.

तरी पहिली चाचणी ट्रोपोनिनची घेऊ नका. बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन (त्याला पकडणारं प्रोटीन) या जोडीवर हात बसवा. ती जोडी एकदा चिकटली की सहजी सुटत नाही, त्यामुळे काही बिघडलं तर दोष कणांचा की अँटिबॉडीचा हा घोळ तरी होत नाही. त्यानंतर सीआरपी. संवेदनशीलतेसाठी नव्हे, तर त्याच्या अँटिबॉडीच्या जोड्या सहज मिळतात आणि चाचणी बसली की नाही हे लवकर कळतं म्हणून.

२. युरोपियम की अपकन्व्हर्जन?

या क्षेत्रात दोन घराणी आहेत. गाईडने एक आधीच ठरवलेलं असतं, पण दुसरं काय करतं ते माहीत हवं.

पहिलं घराणं युरोपियम आणि टर्बियमचं. अतिनील प्रकाश टाकला की युरोपियम ६१५ नॅनोमीटरला लाल आणि टर्बियम ५४५ ला हिरवा प्रकाश देतं. खरी गंमत वेळेत आहे. साध्या सेंद्रिय रंगाची चमक काही नॅनोसेकंदांत विझते, सीरमची स्वतःची पार्श्वचमकही तशीच. युरोपियमची मात्र शेकडो मायक्रोसेकंद रेंगाळते. मग दिव्याचा एक झोत टाकायचा, ४०० मायक्रोसेकंद गप्प बसायचं आणि नंतर मोजायचं. बाकीचा गोंगाट तोवर शांत झालेला असतो. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात वॉलॅक कंपनीने १९८०च्या दशकात याच युक्तीवर डेल्फिया ही चाचणी उभी केली. नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीत ती पुढे खूप वापरली गेली.

दुसरं घराणं अपकन्व्हर्जनचं. कमी ऊर्जेचे दोन फोटॉन गिळून जास्त ऊर्जेचा एक बाहेर टाकायचा. ९८० नॅनोमीटरचा न दिसणारा प्रकाश यिटर्बियम शोषतं, शेजारच्या अर्बियमला दोन हप्त्यांत ऊर्जा देतं, आणि अर्बियम ५४० च्या आसपास हिरवा व ६५५ च्या आसपास लाल प्रकाश सोडतं. अर्बियमऐवजी थुलियम घातलं तर ४७५ ला निळा आणि ८०० ला अवरक्त. १९६६ साली फ्रान्समध्ये फ्रँस्वा ओझेल यांनी आयनांमधली ही ऊर्जेची देवघेव मांडली. फायदा असा की ९८० च्या प्रकाशाने सीरममधली कुठलीच गोष्ट दृश्य प्रकाशात चमकत नाही, म्हणजे पार्श्वभूमी जवळपास काळी. तोटा असा की कण मुळात मंद असतात आणि साधा प्लेट रीडर (प्लेटमधल्या नमुन्यांची चमक मोजणारं यंत्र) ९८० चा प्रकाश देतच नाही.

मशीन कुठलं आहे त्यावरून घराणं निवडा. डिपार्टमेंटमध्ये टाइम-रिझॉल्व्ह्ड मोजणारा प्लेट रीडर असेल तर युरोपियम घ्या आणि सुखी राहा. ९८० चा लेसर जोडलेला फ्लुरिमीटर (चमक मोजणारं यंत्र) असेल तर पुढचं वाचा, कारण मी त्याच वाटेने गेले.

३. सामान आणि कागद

तीन तोंडांचा १०० मिलीचा फ्लास्क (५० चा नको, कारण पाचव्या टप्प्यात येईल), हीटिंग मँटल, थर्मोकपल, आर्गॉनचा सिलिंडर, व्हॅक्यूम लाइन, चांगला सेंट्रिफ्यूज. रसायनांत यिट्रियम, यिटर्बियम आणि अर्बियमची क्लोराइडं, ओलेइक अ‍ॅसिड, १-ऑक्टाडेसीन, सोडियम हायड्रॉक्साइड, अमोनियम फ्लोराइड, मिथेनॉल, सायक्लोहेक्झेन.

यिट्रियम, यिटर्बियम, अर्बियम आणि टर्बियम या चौघांची नावं स्वीडनमधल्या यिटरबी या एकाच गावावरून आली. आपल्याकडे केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर मोनाझाइट या रेअर अर्थ असलेल्या खनिजाची वाळू आहे आणि आयआरईएल ही सरकारी कंपनी त्यावर १९५० पासून काम करते, पण मोनाझाइटमध्ये भरणा सिरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम या हलक्या मंडळींचा. यिटर्बियमची बाटली बाहेरून मागवावी लागली तर त्यात वेळ जातो. ऑर्डर पहिल्या आठवड्यात टाका.

कागदपत्रांचं कुणीच आधी सांगत नाही, म्हणून यादीच देते:

- लेसर वापरण्याची लॅबची परवानगी आणि सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याची नोंद.
- अमोनियम फ्लोराइडची सुरक्षा माहितीपत्रिका, प्रिंट काढून फ्यूम हूडवर चिकटवलेली.
- माणसाचं रक्त किंवा सीरम वापरणार असाल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचावी लागतात. अर्जाला महिने लागू शकतात, तेव्हा तो आजच लिहायला घ्या. तोवर विकत मिळणाऱ्या सीरमवर काम करा.
- जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था. २०१६ च्या नियमांप्रमाणे सीरम लागलेल्या टिपा आणि प्लेटा साध्या डब्यात जात नाहीत.
- टीईएमची (कणांचा आकार दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची) वेळ. आयआयटी मुंबईच्या सैफ केंद्रात बाहेरच्या विद्यार्थ्यांचेही नमुने तपासतात, आणि देशभरातली यंत्रं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात. रांग असते. नमुना तयार व्हायच्या आधी नाव लावून ठेवा.

४. लेसर

हा टप्पा छोटा आहे, पण गाळू नका. ९८० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. हिरवा लेसर डोळ्यात गेला तर आपण दचकून मान फिरवतो. हा गेला तर कळतही नाही, आणि पडदा भाजलेला असतो. अर्ध्या वॅटच्या वरचा लेसर चौथ्या वर्गात मोडतो. चष्म्याच्या काडीवर ९८० चा आकडा छापलेला आहे का, ते स्वतः बघा. आमच्या खोलीत खुंटीवर दोन चष्मे टांगलेले असायचे, दोन्ही नारिंगी काचांचे, आणि त्यातला एक हिरव्या लेसरचा होता. अंगठी आणि घड्याळ काढा. क्युव्हेटवरून (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक डबीवरून) परतणारा किरण कुठे जातो ते अवरक्त कार्डने आधी शोधा.

५. पहिली बॅच

सोडियम यिट्रियम फ्लोराइड, त्यात २० टक्के यिटर्बियम आणि २ टक्के अर्बियम. यापेक्षा नवीन काही सुचलं तरी पहिल्या तीन बॅचेस हीच करा.

एका मिलिमोलसाठी यिट्रियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट २३६.६ मिलिग्रॅम, यिटर्बियमचं ७७.५ आणि अर्बियमचं ७.६. हे ७.६ मिलिग्रॅम वजनकाट्यावर मोजायला जाऊ नका. ही क्लोराइडं हवेतलं पाणी ओढतात. चमच्यावरची पावडर बघता बघता ओलसर होते आणि काट्यावरचा आकडा वर सरकत राहतो. जुलैत तर विचारूच नका. तिन्हींची ०.२ मोलरची द्रावणं बनवून ठेवा आणि अर्बियम पिपेटने ०.१ मिली घ्या.

फ्लास्कमध्ये ही क्लोराइडं, ६ मिली ओलेइक अ‍ॅसिड, १५ मिली ऑक्टाडेसीन. आर्गॉनखाली १६० अंशांवर अर्धा तास. पाणी उडून जातं आणि द्रव फिकट पिवळं, पारदर्शक होतं. गढूळ असेल तर पुढे जाऊ नका. खोलीच्या तापमानाला आणा. १०० मिलिग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १४८ मिलिग्रॅम अमोनियम फ्लोराइड १० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने सोडा. द्रव दुधाळ होईल. ते बरोबर आहे. अर्धा तास ढवळा.

आता मिथेनॉल काढायचं, आणि पहिली फसगत इथे होते. वर बुडबुडे थांबले की मिथेनॉल गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं. माझ्या दुसऱ्या बॅचला मी ७० अंशांवर पंधरा मिनिटं थांबून थेट तापमान वाढवलं. ११० ला फ्लास्कच्या तळातून एक मोठा बुडबुडा उठला आणि अर्धी बॅच कंडेन्सरमधून वर जाऊन बबलरच्या तेलात पडली. म्हणून फ्लास्क १०० मिलीचा. ७० अंशांवर निवांत वेळ द्या, मग हळूहळू १०० पर्यंत नेऊन व्हॅक्यूम लावा. पृष्ठभाग तेलासारखा गुळगुळीत आणि शांत दिसला पाहिजे.

मग आर्गॉनखाली ३०० अंश, एक तास. थर्मोकपलचं टोक द्रवात बुडालेलं हवं, काचेला टेकलेलं नको. ऑक्टाडेसीन ३१५ च्या आसपास उकळतं, त्यामुळे दहा-पंधरा अंशांची चूक इथे महागात पडते, आणि तापमान कमी पडलं तर कण घनाकार स्फटिकरचनेतच अडकतात. आपल्याला षट्कोनी रचना हवी. ती कितीतरी जास्त चमकते.

थंड झाल्यावर इथेनॉल घालून सेंट्रिफ्यूज, दोन-तीनदा धुणं, आणि शेवटी सायक्लोहेक्झेनमध्ये. नीट जमलं तर साधारण २० ते ३० नॅनोमीटरचे कण मिळतात आणि द्रव जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ दिसतं.

फ्लोराइडबद्दल एक इशारा. अमोनियम फ्लोराइडला अ‍ॅसिड लागलं की हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तयार होतं. उरलेलं द्रावण काचेत साठवू नका, अ‍ॅसिडच्या कचऱ्यात ओतू नका आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (हे अ‍ॅसिड अंगाला लागलं तर लावायचं) खोलीतच ठेवा, दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये नाही.

६. चमकतंय म्हणून थांबू नका

एक्सआरडीचा (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखण्याचा) आलेख षट्कोनी रचनेच्या २८-११९२ या जेसीपीडीएस कार्डाशी (ओळखीच्या स्फटिकांच्या संदर्भ-आलेखाशी) जुळवा. ७७-२०४२ शी जुळला तर घनाकार आहे, बॅच पुन्हा. टीईएमवर किमान दोनशे कण मोजा. छान दिसणारे दहा निवडू नका.

चमक मोजताना लेसरची शक्ती दर वेळी लिहा. साध्या फ्लुरोसन्समध्ये प्रकाश दुप्पट केला की चमक दुप्पट होते. इथे दोन फोटॉन लागतात, त्यामुळे कमी शक्तीवर ती चौपटीच्या जवळ जाते, आणि शक्ती वाढत गेली की हा चढ मंदावतो. सोमवारी आणि गुरुवारी वेगळ्या शक्तीवर घेतलेली रीडिंग एका आलेखात टाकली की काहीही सिद्ध करता येतं. मी केलं होतं. एका रिव्ह्यूअरने दोन ओळींत ते पाडलं.

७. पाण्यात आणणं

इथे घाई करू नका. आत्तापर्यंत कणांवर ओलेइक अ‍ॅसिडची झूल आहे. तेलात रमतात, पाण्यात एक थेंबही मिसळत नाहीत.

मला जमलेला मार्ग असा: नायट्रोसोनियम टेट्राफ्लोरोबोरेट डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये घेऊन कणांच्या सायक्लोहेक्झेनवर ओता आणि हलवा. काही मिनिटांत कण वरच्या थरातून खालच्या थरात उतरतात. लेसर धरला तर चमकणारी रेघ खाली गेलेली दिसते. हा क्षण मात्र खरंच बघण्यासारखा असतो. टोल्युइनने कण खाली बसवा, धुवा, मग पॉलिअ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिडचा लेप द्या. झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाच्या विद्युतभाराचं माप) आधी धन आणि लेपानंतर ऋण आलं तर लेप बसला. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. नायट्रोसोनियमचं ते मीठ ओलाव्याने बिघडतं आणि घातक तपकिरी धूर सोडतं.

पाण्यात आल्यावर चमक धाडकन उतरते. पाण्याचे ओ-एच बंध ऊर्जा पळवतात, आणि लहान कणात पृष्ठभागाजवळचे आयन जास्त. हिरवा पडतो, त्या मानाने लाल टिकतो. उपाय म्हणजे गाभ्यावर यिटर्बियम-अर्बियम नसलेल्या साध्या सोडियम यिट्रियम फ्लोराइडचं कवच चढवणं. पाण्यात काम करायचं तर कवच ही चैन नाही. तेही पाचव्या टप्प्यानंतरच, तेलात असतानाच चढवावं लागतं, म्हणून क्रम आधी ठरवा.

दुसरी गोष्ट, जिच्यावर माझी एक दिवाळी गेली. जीवशास्त्राच्या प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये पीबीएस (फॉस्फेटचा बफर) असतं, म्हणून मी कण पीबीएसमध्ये टाकले, फ्रिजमध्ये ठेवले आणि गावी गेले. दहा दिवसांनी आले तर नळीच्या तळाशी पांढरा गाळ आणि लेसरखाली जवळजवळ काळोख. फॉस्फेटला या धातूंची भारी ओढ. ते लेप ढकलून स्वतः पृष्ठभागावर बसतं आणि फ्लोराइड विरघळायला लागतं. साध्या पाण्यातसुद्धा कण फार विरळ केले की हळूहळू विरघळतात. पीबीएस टाळा, हेपीस किंवा बोरेट वापरा, आणि चाचणीच्या बफरमध्ये १ मिलिमोलरच्या आसपास पोटॅशियम फ्लोराइड घाला, म्हणजे विरघळणं आटोक्यात राहतं. मुख्य साठा मात्र कायम सायक्लोहेक्झेनमध्ये. पाण्यात लागतील तेवढेच आणा.

८. अँटिबॉडी जोडणं

ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही जोडणारी रसायनं वापरून लेपावरच्या कार्बोक्झिल गटांना अँटिबॉडीच्या अमाइनशी बांधायचं. एमईएस बफर, पीएच ६, पंधरा मिनिटं. मग हेपीसमध्ये अँटिबॉडी, दोन तास. शेवटी बीएसए (गाईच्या सीरममधलं प्रोटीन) घालून उरलेल्या जागा झाका.

ऐकायला सोपं वाटतं. यात बुडण्याच्या जागा:

- ईडीसीची बाटली फ्रिजरमधून काढून लगेच उघडली की ओलावा आत शिरतो. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.
- ट्रिस आणि ग्लायसिन या दोघांत अमाइन असतं. तुमच्या अँटिबॉडीऐवजी तेच कणांवर बसतं.
- विकतच्या अँटिबॉडीत टिकाऊपणासाठी बीएसए घातलेलं असू शकतं. मी तीन आठवडे मन लावून कणांना बीएसए जोडत होते. बाटलीवरचं लेबल वाचा. "कॅरियर-फ्री" असंच मागवा, नाहीतर आधी शुद्ध करा.
- ईडीसी जास्त झालं की लेपाचा ऋण भार कमी होतो आणि कण एकमेकांना चिकटतात. डीएलएसवर (द्रवातल्या कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर) आकार तीस-चाळीस नॅनोमीटरने वाढला तर ठीक, दहापट वाढला तर गुठळ्या आहेत.

९. चाचणी आणि ब्लँक

प्लेटच्या तळाला एक अँटिबॉडी, वर नमुना, त्यावर कण जोडलेली दुसरी अँटिबॉडी. धुवा, वाळवा, लेसरखाली मोजा. वाळवूनच का? पाणी ९८० शोषतं आणि तापतं. शिवाय ओल्या विहिरीत (प्लेटच्या खळग्यात) चमक मंद. कोरड्या प्लेटवर माझी रीडिंग जास्त स्थिर आली.

हे तंत्र कुठवर जातं याचा अंदाज हवा असेल तर २०१७ मध्ये ब्रनो आणि रेगेन्सबर्गच्या संशोधकांनी असे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले आणि पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचं प्रोटीन मिलिलिटरला साधारण १.२ पिकोग्रॅमपर्यंत ओळखलं. तुमचा पहिला आकडा याच्या हजारपट वाईट असेल. माझा त्याहून वाईट होता.

कारण बहुतेक वेळा एकच असतं: कण प्लेटला आपणहून चिकटतात. प्रोटीन शून्य असलेल्या विहिरी, म्हणजे ब्लँक, याही चमकतात. शोधण्याची मर्यादा या शून्य विहिरींच्या सरासरीत त्यांच्या प्रमाणित विचलनाची तिप्पट मिळवून काढतात, म्हणजे ब्लँक खाली आणल्याशिवाय कण कितीही चमकवले तरी आकडा सुधारत नाही. दर प्लेटवर किमान आठ ब्लँक ठेवा. त्याशिवाय आणखी दोन रांगा: एकीत भलतंच प्रोटीन, दुसरीत कणांवर भलतीच अँटिबॉडी. या तिन्हींत चमक नाही आणि नमुन्यात आहे, तरच गाईडकडे जा.

वरच्या टोकालाही सापळा आहे. प्रोटीन फारच जास्त झालं की ते दोन्ही अँटिबॉडींना वेगवेगळं अडवून बसतं, सँडविच बनत नाही आणि आलेख खाली वळतो. सीआरपीत हे पटकन दिसतं. नमुना दहापट, शंभरपट विरळ करून पुन्हा मोजा.

बफरमध्ये सगळं जमल्यावर सीरम घ्याल तेव्हा पुन्हा बिघडेल. ब्लँक वर जाईल, उतार कमी होईल. सीरम आधी पाचपट विरळ करून बघा, धुण्याच्या बफरमध्ये थोडं ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) घाला, बीएसएऐवजी केसीन (दुधातलं प्रोटीन) वापरून बघा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची तारीख, बॅच क्रमांक आणि लेसरची शक्ती वहीत. माझ्या वहीत याच टप्प्यावर सव्वीस प्लेटा आहेत. सत्ताविसाव्या प्लेटला आठही ब्लँक काळे राहिले.